एक तारा देणाऱ्या जिनिंगवाल्या भाऊंना दुकानाकडून उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा रिव्ह्यू वाचला. "ऑफिसचा कॉम्प्युटर नागपूरहून चालवता यावा म्हणून रिमोट बसवून घेतलं, ऐन हंगामात तीनदा बंद पडलं. दर वेळी 'ओळख पटत नाही' असं येते. फोन केला तर म्हणतात येस दाबू नका. सेल बदलून पैसे घेतले. शेवटी भाच्याच्या मित्रानं पाच मिनिटांत फुकट करून दिलं, व्हीपीएनची भानगडही काढली." आणि खाली एक तारा. चार लोकांनी वाचलंय, म्हणून उत्तरही चारचौघांतच देतो.

तीनदा बंद पडलं हे खरं आहे. पण तिन्ही वेळचे मेसेज वेगळे होते, तुम्ही ते एकाच पोत्यात भरले.

पहिल्या वेळचा मेसेज तारखेचा होता: दोन कॉम्प्युटरांच्या तारखेत किंवा वेळेत फरक आहे, म्हणून समोरच्याची ओळख पटवता येत नाही. त्यात येस-नो नसतंच, नुसतं ओके असतं. रात्री जिनिंग बंद करताना तुमचा माणूस मेन स्विच पाडतो. पाडायलाच पाहिजे, रुईच्या ढिगाशेजारी रात्रभर लाइन चालू कोण ठेवणार? पण मग कॉम्प्युटरचं घड्याळ चालतं ते मदरबोर्डवरच्या बटण सेलवर. सीआर २०३२, ३ व्होल्टचा. तुमचा मीटरवर २.४ दाखवत होता, आणि सकाळी मशीन चालू केलं की तारीख थेट जानेवारी २०१८. दिवाणजींनी विचारलं होतं की नेट आहे तर घड्याळ आपोआप काहून लागत नाही. थोडा फरक असला तर लागतं. साध्या कॉम्प्युटरवर १५ तासांपेक्षा जास्त फरक दिसला की विंडोज स्वतःहून हात लावत नाही, इथं तर वर्षांचा फरक होता. तारीख चुकीची असल्यामुळेच त्याच सकाळी तुमचं जीएसटी पोर्टलही उघडत नव्हतं, आणि ते काही आमच्या दुकानानं बसवलेलं नाही. फोनवर सांगून घड्याळ हातानं लावून दिलं असतं तर त्या दिवसापुरतं भागलं असतं, दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. सेलचे पैसे किती, आणि येण्याजाण्याचे व मशीन उघडून आतला रुईचा थर काढल्याचे किती, हे पावतीवर वेगवेगळं लिहिलंय.

दुसऱ्या वेळी अडलं ते वजनकाट्यावरचं जुनं विंडोज ७ चं मशीन. २०१८ साली विंडोजनं लॉगिनच्या पद्धतीतली एक फट बुजवली. ती अपडेट तुम्ही ज्यावरून जोडता त्या लॅपटॉपवर आहे आणि समोरच्या मशीनवर नाही, तर कनेक्शन नाकारलं जातं. यूट्यूबवर त्यावर लॅपटॉपचंच सेटिंग ढिलं करायचा उपाय सांगतात. आम्ही काट्यावरच्या मशीनला अपडेट टाकली. वेळ लागला, कारण तुमच्याकडे लाइन येत-जात होती.

आता तिसरा, ज्यावरून एवढं झालं. यात खरोखर येस आणि नो विचारतात. तुमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट विंडोजनं स्वतःच बनवलेलं आहे. ग्रामपंचायतीचा शिक्का नसलेला, आपणच आपल्याला लिहून दिलेला रहिवासी दाखला समजा. तो खोटाच असतो असं नाही, पण परक्या माणसानं त्यावर भरवसा का ठेवावा? म्हणून लॅपटॉप विचारतो. बसवताना मी सर्टिफिकेटचा थंबप्रिंट, म्हणजे ४० अक्षरा-आकड्यांची ती ओळ, दोन्हीकडे जुळवली आणि मगच तुमच्या लॅपटॉपवर "पुन्हा विचारू नका" वर टिक केली. हो, टिक मीही केली होती. ती फक्त त्या एका सर्टिफिकेटपुरती चालते. ओळीचा कागद दिवाणजींच्या रोजमेळाच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेला आहे, बघून घ्या.

भाच्यानं नवा लॅपटॉप घेतला आणि कॉम्प्युटरच्या नावाऐवजी त्याचा नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपी नंबर टाकून जोडायला गेला. सर्टिफिकेटवर नाव आहे, नंबर नाही. नाव जुळत नाही, आणि नव्या लॅपटॉपला जुनी टिकही माहीत नाही. मेसेज येणारच. मी फोनवर एवढंच म्हटलं होतं की येस दाबायच्या आधी दिवाणजींकडून ती ओळ वाचून घ्या. तुमच्या रिव्ह्यूत पुढचं अर्धं वाक्य गळालं.

त्या मित्रानं काय केलं, त्याचा फोटो भाच्यानं मला पाठवलाय. रिमोटच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये समोरच्याची ओळख पटली नाही तर काय करायचं, यापुढे "कनेक्ट अँड डोन्ट वॉर्न मी" निवडलंय. म्हणजे समोर तुमचा कॉम्प्युटर असो की दुसऱ्याच कोणाचा, न विचारता जोड आणि पासवर्ड दे. वर व्हीपीएन, म्हणजे ऑफिसपर्यंतचा खासगी बंद रस्ता, काढून राउटरवर ३३८९ पोर्ट, म्हणजे रिमोटचं दार, सरळ बाहेर उघडला. असे उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर रात्रंदिवस चालू असतात. पासवर्ड हाती लागला की फायली कुलूपबंद करून पैसे मागतात. तुमच्या त्या मशीनवर शेतकऱ्यांच्या चुकाऱ्याचा सगळा हिशेब आहे. पोराचा हेतू वाईट नव्हता, पण पाच मिनिटांत होण्यासारखं हे काम नाही. आज सकाळी दिवाणजींना फोनवर सांगून आधी तो पोर्ट बंद करून घेतला, मगच हे लिहायला बसलो.

रविवारी फोन उचलत नाही अशीही तुमची तक्रार आहे. रविवारी आमच्या गावचा बाजार असतो, दुकानात पाय ठेवायला जागा नसते. व्हॉट्सॲपवर फोटो टाकत जा, संध्याकाळी बघतोच.

भाचा गावी आला की लॅपटॉप घेऊन पाठवा. वॉर्निंग परत चालू करतो, व्हीपीएन आणि कॉम्प्युटरचं नाव त्यात घालून देतो, त्याचे पैसे घेणार नाही. विंडोजनं बनवलेलं हे सर्टिफिकेट सहा महिन्यांचं असतं. मुदत संपली की नवं तयार होतं आणि मेसेज पुन्हा येतो. तेव्हा घाबरू नका, नवी ओळ जुळवा आणि खुशाल येस दाबा. दर सहा महिन्यांनी हे नको असेल तर जास्त मुदतीचं सर्टिफिकेट घालून देता येतं. तारे कमी-जास्त करायचे की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. फक्त विंडोजचा आणि टॅलीचा, दोन्ही पासवर्ड आजच ऑफिसच्या मशीनवर बसून बदला, भाच्याच्या लॅपटॉपवरून नाही.