‘पुढेपुढे करणाऱ्यालाच मिळतं’ म्हणणाऱ्या वाचकास

प्रमोशन कामाच्या जोरावर मिळवता येतं, या माझ्या लेखावर एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे: “सांगलीत घरी बसून प्रवचन देऊ नका. प्रमोशन मॅनेजरच्या पुढेपुढे करणाऱ्यालाच मिळतं. बाकीचं बेल कर्व्हमध्ये आधीच ठरलेलं असतं. आणि वर जागाच नसेल तर?” (बेल कर्व्ह म्हणजे किती जणांना कुठलं रेटिंग द्यायचं याचं आधीच ठरवलेलं प्रमाण.)

मतभेद असू द्या, पण ‘प्रवचन’? अनोळखी माणसाशी ही बोलायची कुठली रीत? जागेचा मुद्दा मात्र मान्य. छोट्या सर्व्हिस कंपनीत वरची जागा रिकामी नसेल, तर काम कितीही चोख असो, पद मिळत नाही.

‘पुढेपुढे’ मात्र मी सोडणार नाही. एका वाक्यात तुम्ही बढती मिळालेल्या प्रत्येकाला लाळघोट्या ठरवलंत. जुलै २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी मारुती चौकात शिरलं, आमच्याकडे विश्रामबागेत लाइट गेली, तेव्हा मी ऑन-कॉल होतो, म्हणजे सिस्टीम बिघडली तर बघायची पाळी माझी. राउटर इन्व्हर्टरवर. पेमेंट सर्व्हिसमध्ये टाइमआउट झाला, म्हणजे वेळेत उत्तर आलं नाही, की तीच रिक्वेस्ट पुन्हा जायची आणि ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जायचे. तात्पुरता पॅच टाकून मोकळं होता आलं असतं. मी प्रत्येक रिक्वेस्टला आयडेम्पोटन्सी की (अशी खूण, की तीच रिक्वेस्ट पुन्हा आली तरी पैसे एकदाच कापले जावेत) लावायचं डिझाइन लिहिलं, रिव्ह्यूमधल्या प्रत्येक आक्षेपाला उत्तर दिलं. पुढे दुसऱ्या टीमनेही तेच डिझाइन उचललं. मॅनेजर बंगळुरूला, तोवर आमची समोरासमोर भेटही नव्हती. सांगा, कुणाच्या पुढेपुढे केलं मी?

आणि मोठ्या कंपनीत मॅनेजर एकटा बढती देतो कुठे? कॅलिब्रेशनच्या मीटिंगमध्ये, जिथे सगळे मॅनेजर मिळून रेटिंग आणि बढत्या ठरवतात, बाकीचे मॅनेजर विचारतात, “हे तर त्याचं रोजचंच काम, वरच्या लेव्हलचं काय केलं?” तेव्हा तुमच्या मॅनेजरच्या हातात तुमचं डिझाइन डॉक्युमेंट, पोस्टमॉर्टेम (बिघाड का झाला याचा अहवाल), दुसऱ्या टीमचा अभिप्राय असावा लागतो. नुसतं ‘मुलगा चांगला आहे’ म्हणून भागत नाही. मर्जीतल्या माणसांची नावं तिथे मागे पडलेली मी पाहिली आहेत. तुम्ही अशा मीटिंगला कधी बसला आहात का? नसाल, तर इतक्या छातीठोकपणे बोलू नये.

बेल कर्व्हचं म्हणाल तर मायक्रोसॉफ्टने कर्मचाऱ्यांची अशी सक्तीची क्रमवारी २०१३ मध्येच बंद केली. त्यावर जास्त बोलत नाही.

राहिलं सांगलीत बसणं. आईवडील इथे आहेत, मी इथेच बसणार. पुढची प्रतिक्रिया नावानिशी लिहा, आणि तुमचं प्रमोशन अडलं त्या वर्षी सेल्फ-अप्रेजलमध्ये तुम्ही काय लिहिलं होतं, तेही सोबत द्या. मग त्यावर बोलू.