बांधाचा इंच, बोटीचा इंच

सातारा जिल्ह्यात बांधाच्या एका इंचासाठी दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतील. बोटीच्या इंजिनाचा इंच मात्र कुणी मोजत नाही. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात, बामणोली असो की तापोळा, बोट पळेना की पहिला आळ पेट्रोलवर, दुसरा इंजिनाच्या पंख्यावर (प्रोपेलरवर), तिसरा मागच्या बाकावरच्या भारदस्त पाहुण्यांवर. इंजिन बोटीच्या मागच्या फळीवर किती खोल टांगलंय हे बघायला वाकावं लागतं, आणि वाकून सल्ला देणारा माणूस मला तरी भेटायचाय.

बोट ट्रॉलीवर घ्या, इंजिन सरळ उभं करा. ॲल्युमिनियमची लांब पट्टी तळाला टेकवून पंख्यापर्यंत न्या. पंख्याच्या डोक्यावर आडवी प्लेट असते. वरची हवा पंख्यात ओढली जाऊ नये म्हणून ती. ही प्लेट पट्टीच्या रेषेत, फार तर इंचभर वर हवी. तीन-चार इंच खाली असेल तर मागे कारंजं उडतं, स्टेअरिंग जड होतं, आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, चढत नाहीत. पेट्रोल तेवढं वेळेवर संपतं. फळी 15 इंची आणि इंजिन 20 इंची लेगचं (फळीखाली उतरणाऱ्या दांड्याचं), हा जुळवून दिलेला संसार असेल, तर आधी फळीच उंच करा.

इंजिन फळीला धरणाऱ्या ब्रॅकेटची भोकं साधारण पाऊण इंचावर असतात. एका वेळी एकच भोक वर. 40 एचपीचं इंजिन 70 किलोच्या वरच भरतं, तेव्हा चेनपुली लावा. ‘धर रे जरा’ म्हणून ते उचलत नाही. फळीतल्या मोकळ्या झालेल्या भोकात मरीन सीलंटच भरा. बाथरूममधलं उरलेलं सिलिकॉन नको. पाणी झिरपून आतलं प्लायवूड कुजतं.

आता नेहमीची माणसं नेहमीच्या जागी बसवून चाचणी. सगळे सेल्फीसाठी पुढे गेले तर मागची बाजू उचलते, पंखा हवा ओढतो आणि बिचाऱ्या इंजिनाला शिव्या. फुल थ्रॉटलला आरपीएम कंपनीच्या पुस्तकातल्या मर्यादेत हवेत. वळणावर इंजिन किंचाळलं आणि बोट ढिली पडली, तर एक भोक खाली. इंजिनामागून उडणारी पाण्याची धार बारीक झाली, तर लगेच थ्रॉटल कमी. इंजिन फार वर गेलं की थंड ठेवणारं पाणी पंपाला नीट मिळत नाही, आणि मग ते तापून बसतं.

भोक ठरलं की बोल्ट आवळून नटावर रंगाची रेघ मारा. दुपारी निवांत बसलेला एखादा जाणकार ‘अजून थोडं वर घे’ म्हणत पाना उचलतोच.