822 कोटींच्या कर्जापायी कुणाचंही घर जप्त होणार नाही

आमची मावशी संभाजीनगरला हडको वसाहतीत राहते. परवा तिचा फोन आला. "अरे, घर आत्ताच पोरीच्या नावावर करून टाकू का? हुडकोवाले जप्ती आणणार म्हणे." एकटी राहणारी, पेन्शनवर जगणारी बाई एका फॉरवर्डमुळे बक्षीसपत्र करायला निघाली होती. ते ऐकून मी गप्प बसू शकत नाही.

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. त्यात म्हटलंय की सरकारनं पाणी योजनेसाठी महापालिकेच्या गळ्यात 822 कोटींचं कर्ज मारलं; त्यामुळे प्रत्येक कुटुंबावर साडेतीन लाखांचा बोजा चढला; हप्ता थकला की कर्ज देणारी हुडको ही सरकारी कंपनी घरं जप्त करणार; केंद्राचा पैसा येत असताना कर्जाची गरजच नव्हती; कर्ज काढणारी महापालिका दिवाळखोरच असते; आणि तुम्हाला कुणी विचारलं का? शेवटी सल्ला, की असली कर्जं पुढे माफच होतात, तेव्हा पाणीपट्टी-घरपट्टी भरू नका.

आकडा तेवढा खरा आहे. 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं नागरी संस्थांच्या प्रकल्पांसाठी हुडकोकडून दोन हजार कोटींचं कर्ज उभारायला मान्यता दिली. त्यात संभाजीनगरच्या पाणीपुरवठ्यासाठी 822.22 कोटी, नागपूरच्या मलनिस्सारणासाठी 268.84 कोटी आणि मिरा-भाईंदरसाठी 116.28 कोटी होते.

आधी जप्तीचं बघू. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम 109 काढून वाचा. महापालिकेला कर्ज काढता येतं ते स्वतःच्या मालकीच्या स्थावर मालमत्तेच्या किंवा स्वतः बसवत असलेल्या करांच्या तारणावर. तुमचा फ्लॅट, माझं रो-हाऊस, मावशीचं दोन खोल्यांचं घर हे महापालिकेच्या मालकीचं नाही, त्यामुळे ते तिला गहाण टाकताच येत नाही. पीआर कार्डावर, म्हणजे मालमत्तापत्रकावर, महापालिकेच्या कर्जाचा बोजा चढवण्याची सोय कुठल्या कायद्यात आहे, ते हा मेसेज लिहिणाऱ्यानं दाखवावं. महापालिकेची जप्ती येते, नाही असं नाही, पण ती तुमच्या स्वतःच्या थकलेल्या घरपट्टीसाठी. त्याचा हुडकोशी काही संबंध नाही. जो मेसेज जप्तीची भीती घालतो, तोच शेवटी कर भरू नका म्हणून सांगतो, म्हणजे माणसाला जप्तीच्या तोंडी नेऊन उभा करतो!

साडेतीन लाखांचा हिशेब तर पाचवीतलं पोरगं खोडून काढेल. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेबारा लाख होती. तीच धरली तरी माणशी सात हजार होतात, पाच माणसांच्या घराला पस्तीस हजार. एक शून्य जास्तीचं लावलंय. लोकसंख्या त्यानंतर वाढलीच आहे, म्हणजे वाटा आणखी कमी.

केंद्राच्या पैशाचं म्हणाल तर अमृत 2.0 या केंद्राच्या शहरी पाणी योजनेत दहा लाखांवरच्या शहरांना केंद्र फक्त 25 टक्के देतं. आपली सुधारित योजना 2,740 कोटींची. त्यात केंद्राचे 25 टक्के, राज्याचे 45 आणि महापालिकेचे 30. हे 30 टक्के म्हणजेच ते 822 कोटी. महापालिकेच्या तिजोरीत ते नव्हते, आणि हिस्सा भरल्याशिवाय कामाचे पैसे पुरे होत नाहीत. जायकवाडीहून नक्षत्रवाडीपर्यंत येणारी अडीच मीटर व्यासाची जलवाहिनी अर्ध्यात सोडून देणं हा काही पर्याय नव्हता. सत्तरच्या दशकातल्या 700 मिलिमीटरच्या आणि नव्वदच्या सुरुवातीच्या 1400 मिलिमीटरच्या जलवाहिनीवर हे शहर किती वर्षं ओढलं, हे आठ-आठ दिवस ड्रम भरून ठेवणाऱ्याला सांगायला नको.

खरं नुकसान करणारा मुद्दा आहे तो 'माफ होणार, भरू नका' हा. हुडको म्हणजे शेतकरी कर्जमाफीतली सोसायटी नव्हे. 1970 मध्ये स्थापन झालेली, 2017 पासून शेअर बाजारात असलेली केंद्र सरकारची कंपनी आहे ती. ती स्वतः रोखे काढून पैसा आणते आणि व्याजासकट फेडते. या कर्जाला राज्य शासनाची हमी आहे, म्हणून बुडण्याचा धोका हुडकोला फारसा नाहीच. महापालिकेनं हप्ता चुकवला तर भार शासनावर येतो, आणि शासनाकडे तो वळता करून घ्यायचा सरळ रस्ता म्हणजे महापालिकेला मिळणारी अनुदानं. जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, त्यानंतर जीएसटीच्या भरपाईपोटी दर महिन्याला येणाऱ्या रकमेवर पगार, कचरागाड्या, पथदिवे चालतात. कात्री तिथे लागेल.

आता पाणीपट्टीकडे बघा. वर्षाला 4,050 रुपये होती, ती 2022 मध्ये निम्मी करून 2,025 केली. मीटर नाही, वापर कितीही असो, रक्कम तीच. पूर्ण 822 कोटी उचलले आणि समजण्यापुरतं आठ टक्के व्याज धरलं, तर नुसतं व्याजच वर्षाला 66 कोटींच्या घरात जातं. एवढे पैसे 2,025 च्या दरानं गोळा करायला सव्वातीन लाख नळधारकांनी पै न् पै भरायला हवी. शहरात तितके अधिकृत नळच नाहीत. मुद्दल, वीजबिल, गळती, दुरुस्ती अजून धरलेलीच नाही. घाबरायचं तर याला घाबरा. आणि अशा वेळी पाणीपट्टी भरू नका म्हणून लोकांना सांगणारा माणूस शहराचा हितचिंतक नाही.

दिवाळखोरीच्या मुद्द्यावर फार शब्द घालवत नाही. अहमदाबादनं 1998 मध्ये शासनाच्या हमीशिवाय शंभर कोटींचे रोखे काढले. पुण्यानं 2017 मध्ये चोवीस तास पाण्यासाठी दोनशे कोटी 7.59 टक्क्यांनी उभे केले. दिवाळखोराला या दरानं कुणी पैसे देत नाही. मात्र पुण्याच्या निविदा रद्द झाल्या, काम रखडलं आणि उभारलेला पैसा मुदत ठेवीत पडून राहिला, हेही तितकंच खरं. कर्ज वेळेवर मिळून भागत नाही, काम वेळेवर व्हावं लागतं. आपल्याकडे 1,680 कोटींची योजना 2,740 वर गेली. या वाढीबद्दल राग असेल तर तो रास्त आहे, मलाही आहे. आधीच्या 'समांतर' जलवाहिनी योजनेनं या शहराची जी वर्षं खाल्ली त्याचाही हिशेब कुणी दिलेला नाही.

राहिलं 'तुम्हाला विचारलं का?' हे मात्र मान्य करावं लागतं. एप्रिल 2020 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि कर्जाला मान्यता मिळाली तेव्हाही महापालिकेवर प्रशासकच होता. एवढ्या मोठ्या कर्जावर सभागृहात भांडण व्हायला हवं होतं. एखाद्या नगरसेवकानं उठून विचारायला हवं होतं की हप्ता कुठल्या लेखाशीर्षातून जाणार, मीटर कधी बसणार, बेकायदा नळांचं काय करणार. तसं काही झालं नाही. पण हे प्रश्न आजही विचारता येतात, अर्थसंकल्प दरवर्षी मांडला जातो. तुमच्या वॉर्डातल्या नगरसेवकाकडे कर्जफेडीचं वेळापत्रक लेखी मागा.