लंडनमध्ये उतरायचे कुठे?

ठाण्याच्या तलावपाळीवरील आमच्या कट्ट्यावर सध्या एकाच प्रश्नाचा खल चालू आहे. निवृत्त झालेल्या मास्तरांना पत्नीसह लंडन पाहायचे आहे, आणि सहल कंपनीच्या गटातून न जाता शहराच्या मध्यभागी प्रवाशांसाठीच्या एखाद्या हॉस्टेलमध्ये उतरायचे, असे त्यांनी ठरवले आहे. हा बेत ऐकताच डॉक्टर आणि वकील या दोघांनीही त्याला जोरदार विरोध केला. मी मास्तरांच्या बाजूचा आहे, आणि माझी बाजू नीट मांडता यावी म्हणून ही चर्चा लिहून काढत आहे.

डॉक्टरांचा आक्षेप आरोग्याचा होता. "मास्तर, साठी उलटल्यावर आठ अनोळखी माणसांच्या खोलीत दुमजली पलंगाच्या वरच्या बाजूला झोपायचे, मध्यरात्री अंधारात शिडी उतरून सामायिक स्वच्छतागृह शोधायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मैलोन्‌मैल चालायचे, हे तुमच्या गुडघ्यांना झेपणार आहे का? झोपच झाली नाही तर तुम्ही बघणार काय?" हा आक्षेप रास्त आहे. मात्र बऱ्याच हॉस्टेलांमध्ये दोघांसाठी स्वतंत्र खोल्याही असतात, हे डॉक्टरांना ठाऊक नव्हते. काही खासगी हॉस्टेले वयाची अट घालतात, म्हणून आरक्षणापूर्वी ती तपासावी लागते. पण यूथ हॉस्टेलच्या जुन्या संस्थेत नावात ‘यूथ’ असले तरी ज्येष्ठांना मज्जाव नाही. मास्तरांनी तर अभिमानाने सांगितले, की ही कल्पनाच मुळी एका शिक्षकाची आहे. रिचर्ड शिरमान या जर्मन शिक्षकाने पायी सहलींना निघालेल्या मुलांच्या मुक्कामाची सोय व्हावी म्हणून 1912 साली आल्टेना येथील किल्ल्यात पहिले कायमस्वरूपी यूथ हॉस्टेल सुरू केले, आणि 1930 मध्ये ब्रिटनमध्येही तशी संस्था उभी राहिली.

वकिलांचा मुद्दा अधिक कठीण होता. "माझा भाचा लंडनच्या हाउन्सलो उपनगरात राहतो. त्याचे घर असताना पैसे देऊन परक्यांच्यात कशाला राहायचे? घरचे जेवण मिळेल, आणि पिकॅडिली लाइनची मेट्रो थेट शहरात नेते." आपल्याकडच्या पुष्कळ कुटुंबांचे लंडन असेच पाहून होते, आणि त्यात आपुलकी असते हे मला मान्य आहे. पण मग रोज सकाळी घरातल्यांच्या कामाच्या वेळा सांभाळून निघायचे, जाता-येता मिळून दीड-दोन तास गाडीत घालवायचे, आणि जेवणासाठी कोणी थांबले असेल म्हणून संध्याकाळी लवकर परतायचे, असा क्रम पडतो. एकदा बाहेर पडलेला माणूस दमला तरी दुपारी तासभर आडवा होऊ शकत नाही. म्हणजे डॉक्टरांना ज्या थकव्याची काळजी वाटते, तो या व्यवस्थेत उलट वाढतो.

हॉस्टेलचे खरे मोल स्वस्ताईत नसून जागेत आहे, हे माझे म्हणणे इथेच सुरू होते. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी तिथले दरही चांगलेच चढतात, तेव्हा केवळ पैशाचा हिशेब केला तर वकील जिंकतील. पण यूस्टन रोडवर ब्रिटिश लायब्ररीच्या समोरच यूथ हॉस्टेल आहे, त्याचे उदाहरण घ्या. तिथून दक्षिणेला निघाले की टॅव्हिस्टॉक स्क्वेअरच्या बागेत 1968 साली बसवलेला गांधीजींचा पुतळा लागतो, पुढे रसेल स्क्वेअर ओलांडले की सावकाश चालूनही साधारण अर्ध्या तासात ब्रिटिश म्युझियम येते. तिथे आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे ठेवलेले स्वतंत्र दालन आहे, आणि तेवढे एक दालन मन लावून पाहायलाही तास पुरत नाही. सहलीच्या गटाला मात्र त्या संपूर्ण संग्रहालयासाठी एखाद-दोन तास मिळतात. 2001 पासून तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयांच्या कायमस्वरूपी दालनांना प्रवेशशुल्क नाही, त्यामुळे तिकिटाचे पैसे वसूल करण्याच्या दडपणाखाली सगळे एकाच दिवसात उरकण्याची गरजच राहत नाही. आज एक दालन, परवा दुसरे, असे पाहता येते. शुक्रवारी ब्रिटिश म्युझियम रात्री साडेआठपर्यंत आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम दहापर्यंत उघडे असते. दुपारी खोलीवर विश्रांती घेऊन संध्याकाळी पुन्हा बाहेर पडणे जवळ राहणाऱ्यालाच शक्य होते.

मास्तरांना ज्या जागेची सर्वाधिक ओढ आहे, तिचा रस्ताही तिथूनच निघतो. किंग्ज क्रॉसमागून रीजंट्स कालव्याच्या काठाने कॅम्डेनवरून चालत गेले की प्रिमरोज हिल ही टेकडी येते. तिच्याजवळच 10, किंग हेन्रीज रोड हे घर आहे, जिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना राहत होते. महाराष्ट्र शासनाने ते 2015 साली विकत घेतले आणि आता तिथे स्मारक आहे. सहलीच्या बसमधून उतरून ते घर पाहण्यापेक्षा, वह्या-पुस्तके घेऊन या शहरात पायी हिंडलेल्या विद्यार्थ्याचा परिसर स्वतः चालून समजून घ्यावा, हे मास्तरांचे म्हणणे मला मनापासून पटते.

जेवणाचा प्रश्न मास्तरांच्या पत्नीने आधीच सोडवला होता. हॉस्टेलमध्ये सामायिक स्वयंपाकघर असते. आपल्या जिन्नसांवर नाव आणि तारीख लिहून फ्रिजमध्ये ठेवायची, वापरलेली भांडी लगेच धुवायची, एवढा नियम पाळला की खिचडी-भाजी सहज होते. कंटाळा आल्यास यूस्टन स्थानकामागच्या ड्रमंड स्ट्रीटवर भेळपुरी आणि डोसा मिळणारी शाकाहारी उपाहारगृहे आहेत. टॉवेल बहुतेक ठिकाणी वेगळे पैसे देऊन घ्यावे लागतात आणि कपाटासाठी स्वतःचे कुलूप लागते, ही माहितीही त्यांनीच काढली.

वकील अजून पूर्ण नमलेले नाहीत. टॉवर ऑफ लंडन हा जुना किल्ला लांब पडेल, असे ते म्हणाले. त्यावर मी बसचा पर्याय सांगितला: बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत, पण कार्ड टेकवले की पुढच्या तासाभरात कितीही बस बदलल्या तरी एकच भाडे पडते. टॉवरचे तिकीट महाग आहे, म्हणून तिथे मात्र दार उघडताच पोहोचून अर्धा दिवस द्यावा. कोहिनूर तिथेच आहे आणि रक्षकांनी घडवलेली फेरी तिकिटातच येते. शेवटी डॉक्टरांनी एक अट घातली, की स्वतंत्र खोली मिळाली नाही तर खालचे दोन पलंग मिळतील याची लेखी खात्री झाल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत. मास्तरांनी ती मान्य केली असून शेवटचा रविवार भाच्याकडे जेवायला जाण्याचेही कबूल केले आहे.