आखूडशिंगी, बहुदुधी मदरबोर्ड

17 सेंटिमीटर लांब, 17 सेंटिमीटर रुंद. मिनी-आयटीएक्स मदरबोर्डाचं, म्हणजे संगणकाचे सगळे भाग ज्यावर जोडतात त्या पाटीच्या या छोट्या प्रकाराचं, माप एवढंच; भरल्या हाताची वीतसुद्धा याहून मोठी. 2001 मध्ये व्हिया कंपनीने हे माप आणलं, ते कमी विजेवर निमूट काम करणाऱ्या गरीब स्वभावाच्या प्रोसेसरांसाठी. 2017 मध्ये एएसरॉकने याच चौकोनात इंटेलचं एलजीए 2066 सॉकेट, म्हणजे दांडग्या प्रोसेसरांची बैठक, बसवून दाखवलं. त्यात 18 कोअरचा (एकाच चिपमध्ये 18 मेंदू म्हणा), 165 वॉटचा प्रोसेसरही मावतो. हा बोर्ड पाहून लोक दोनच शब्द बोलतात, आधी ‘वा!’ आणि मग ‘कशाला?’. मला दोन्ही पटतात, त्याच क्रमाने.

गाय आखूडशिंगी हवी, बहुदुधी हवी आणि वर चाराही कमी खाणारी हवी. पहिल्या दोन अटी इथे पुऱ्या होतात. तिसरीचं नाव काढू नका.

सॉकेटनेच निम्मी जागा खाल्ल्यावर रॅमसाठी, म्हणजे चालू कामाच्या स्मृतीच्या पट्ट्यांसाठी, उरतात फटी. डेस्कटॉपची रॅम 133 मिलिमीटर लांब. चार ठेवायच्या तर बोर्ड नुसता रॅमचाच करावा लागेल. म्हणून इथे लॅपटॉपची रॅम, दोन्ही बाजूंना दोन-दोन. घोड्याला शेळीचा खुराक, असं लोक हसतात. हसू द्या. चारही चॅनल, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधल्या वाटा, चालणं महत्त्वाचं, आणि त्यासाठी एकाच संचातल्या चार पट्ट्या घ्या. याच सॉकेटात आय7-7740एक्स हा चार कोअरचा प्रोसेसरही बसतो, पण त्याला चॅनल दोनच. तो लावला की अर्धे रॅमस्लॉट शोभेचे.

लेनचा, म्हणजे प्रोसेसरकडून कार्डांकडे आणि ड्राइव्हकडे जाणाऱ्या डेटाच्या पदरांचा, हिशेब तर सधन घरातल्या वाटणीसारखा. वरच्या प्रोसेसरांना 44 लेन. कार्ड खोचायचा पीसीआय एक्स्प्रेसचा स्लॉट एकच, आणि तो ग्राफिक्स कार्डाला द्यावाच लागतो, कारण या प्रोसेसरांना स्वतःचं ग्राफिक्स नाही. त्याच्या गेल्या 16. तीन एम-टू ड्राइव्हना (फायली साठवणाऱ्या चपट्या पट्ट्यांना) प्रत्येकी 4 धरल्या तरी 16 शिल्लक. पैसे मोजून घेतलेल्या या लेनना जायला रस्ताच नाही.

जोडणीत क्रम चुकला की सगळं उलटं सोडवत यायचं. लहान बोर्डांवर एखादा एम-टू स्लॉट अनेकदा पाठीमागे असतो, त्यामुळे तो ड्राइव्ह सर्वांत आधी लावा. त्याचा स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढा. तो नसला तर ड्राइव्ह स्लॉटमधून तिरका उठून बसतो. मग प्रोसेसर. सॉकेटला दोन खटके असतात, ते दाबायचा क्रम झाकणावरच कोरलेला असतो, आणि तो वाचायचा असतो. पिना सॉकेटमध्ये आहेत, तिथे बोट लावू नका. प्रोसेसरचा माथा मोठा, उष्णता कूलरकडे नेणाऱ्या पेस्टचा वाटाण्याएवढा ठिपका ठेवला तर कोपरे कोरडे राहतात, पेस्टची फुली काढा. प्रोसेसरची आठ पिनांची वीजवायर बोर्ड पेटीत टेकवण्याआधीच ओढून घ्या, नंतर त्या कोपऱ्यात बोटं जात नाहीत. पुढच्या यूएसबीची वायर जाड आणि हट्टी. ती वाकवताना तिचं हेडरच, म्हणजे ती खोचायची बोर्डावरची पिनांची चौकट, मुळासकट उपटून येऊ शकतं.

खरी गंमत उष्णतेची. बोर्ड आकसला म्हणून वॉट आकसत नाहीत. उंच टॉवर कूलर लहान पेटीत मावत नाही, म्हणून लोक पाण्याचा कूलर लावतात. प्रोसेसर गार होतो, पण शेजारच्या व्हीआरएमला, म्हणजे प्रोसेसरला हव्या त्या दाबाची वीज पुरवणाऱ्या भागाला, आधी जो कूलरचा फुकट वारा लागायचा, तो बंद. मग व्हीआरएम तापतं, प्रोसेसरचा वेग उतरतो आणि दोष येतो पेस्टवर. रेडिएटर कुठेही लावा, पण एक पंखा व्हीआरएमकडे तोंड करून ठेवा. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, पॉवर लिमिट 165 वॉटवर बांधून टाका. ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे प्रोसेसर ठरल्या वेगापेक्षा जास्त पळवायची, हौस असेल तर मोठा बोर्ड घ्या. इथे ती हौस म्हणजे बोळात बैलगाडा शर्यत.

चालू केल्यावर चारपैकी तीनच पट्ट्या दिसल्या तर रॅमवर संशय घेण्याआधी कूलर पाहा. त्याचे स्क्रू एका बाजूला जास्त आवळले की प्रोसेसर सॉकेटमध्ये किंचित कलतो, काही पिनांचा संपर्क सुटतो आणि एक चॅनल गायब होतं. कूलर काढा, पेस्ट पुसून नव्याने लावा, स्क्रू तिरक्या जोड्यांनी अर्धा-अर्धा फेरा देत आवळा. आता चारही पट्ट्या दिसतात. ड्राइव्ह मात्र तीनपैकी दोनच दिसतात, आणि टेबलावर, पेस्टच्या नळीशेजारी, तांदळाच्या दाण्याएवढा एक स्क्रू पडलेला असतो.