टनाला तीन किलो तंतू, पण ते मोजतंय कोण?

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूर-मनसर बायपासवर लिग्निन (लाकडातला एक घटक) मिसळलेल्या डांबराचा पट्टा झाला आणि झाडापासून बनणाऱ्या रस्त्यांची चर्चा सुरू झाली. चांगलंच आहे. पण वनस्पतीचा सेल्युलोज तंतू डांबरी मिश्रणात घालायची पद्धत कितीतरी जुनी आहे. हा तंतू ज्यात पडतो ते स्टोन मॅट्रिक्स अस्फाल्ट हे खडी-डांबराचं मिश्रणच मुळात १९६०च्या दशकातलं, जर्मनीतलं. आपल्याकडे त्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी एसपी ७९ हे मानक आहे. नव्याचं कौतुक करण्याआधी हे तरी धड करा, एवढंच म्हणणं आहे.

या मिश्रणात मोठी खडी ७० ते ८० टक्के. खडीवर खडी टेकते, म्हणून चाकोऱ्या सहजी पडत नाहीत. पण डांबर जास्त लागतं आणि १६० अंशांना ते पातळ होऊन डंपरच्या तळाशी उतरतं. मग रस्त्यावर एका जागी काळा चकचकीत डाग आणि दोन पावलांवर कोरडी, सुटणारी खडी. तंतू हे डांबर धरून ठेवतो. प्रमाण मिश्रणाच्या वजनाच्या ०.३ टक्के, म्हणजे टनाला ३ किलो.

घोळ इथेच होतो. तंतू बऱ्याचदा डांबर लावलेल्या गोळ्यांच्या रूपात येतो. गोळीत दोन-तृतीयांशच तंतू असेल तर टनाला ४.५ किलो गोळ्या हव्यात. ३ किलो टाकून लोक मोकळे होतात. तंतू आधी गरम खडीत पडला पाहिजे, कोरडं मिक्सिंग काही सेकंद वाढवायचं, डांबर त्यानंतर. क्रम उलटला की गुठळ्या. खडी ओली असली की बर्नर वाढवतात, खडी २०० अंशांच्या पुढे जाते आणि तंतू करपतो. ड्रम प्लँटमध्ये, म्हणजे खडी तापवणं आणि मिसळणं एकाच फिरत्या ड्रममध्ये होतं तिथे, तंतू ज्योतीच्या बाजूने टाकला तर जळतो, नाहीतर धुळीबरोबर ओढला जातो.

'कोकणातला काथ्या का नको?' चालेल की! पण ८ मिमीच्या आत कापलेला आणि ५ टक्क्यांहून कमी ओलाव्याचा. शिवाय काथ्या जाड, डांबर कमी शोषतो. तंतूने वजनाच्या चौपटीहून जास्त तेल धरावं अशी अट आहे, ती तपासल्याशिवाय तेच ०.३ टक्के गृहीत धरू नका.

चाचणी अगदी सोपी. १२०० ग्रॅम गरम मिश्रण जाळीच्या टोपलीत घालून प्लँटच्या तापमानाला तासभर ओव्हनमध्ये ठेवायचं. खालच्या ताटलीत ३.६ ग्रॅमपेक्षा जास्त गळलं तर तो माल साइटवर जाता कामा नये. निविदेत ही चाचणी रोजची करा, आणि पिशव्या हाताने फेकण्याऐवजी वजनाची नोंद ठेवणारा फीडर सक्तीचा करा.