उजव्या बंदुकीचा डावा धनी

पंप ॲक्शन शॉटगन, म्हणजे पुढची मूठ मागेपुढे ओढून चालवायची छर्ऱ्याची बंदूक, ही वस्तू उजव्या खांद्याचा माणूस समोर धरून घडवलेली असते, हे तिच्याकडे नुसते पाहून कळत नाही. ती डाव्या खांद्याला लावली की मात्र लगेच कळते. ओहायोतील डेटन शहराजवळ राहणाऱ्या आणि जन्मतः डावखुऱ्या असलेल्या मराठी माणसाने या फंदात पडावेच कशाला, असा प्रश्न आमच्या कोल्हापूरच्या मामांनी मला फोनवर विचारला होता. पुढे 2024 साली पॅरिसच्या ऑलिंपिकला नेमबाज स्वप्नील कुसळे यांना कांस्यपदक मिळाले आणि मामांचा सूर पालटला. ते पदक रायफलचे आहे आणि माझ्या हातात छर्ऱ्याची बारा बोर आहे, हा फरक ते अजूनही मानत नाहीत. त्यांना हेही ठाऊक नाही की, या भागात बंदूक टाळणे हेच मुळात अवघड आहे. जवळच्या डार्क काउंटीत 1860 साली प्रख्यात नेमबाज अ‍ॅनी ओकली जन्मली, आणि व्हँडालियाला ट्रॅप, म्हणजे उडत्या तबकड्यांवरच्या, नेमबाजीची ‘ग्रँड अमेरिकन’ स्पर्धा अनेक दशके भरत होती, ती 2005 नंतर इलिनॉयला गेली. नेमबाज मात्र इथेच राहिले आणि त्यांतले बरेचसे आमच्या क्लबात आहेत.

माझी बंदूक निवृत्त होऊन फ्लोरिडाला निघालेल्या एका शेजाऱ्याने स्वस्तात दिली. कंपनीचे नाव सांगत नाही. घडण 1950 च्या सुमाराची आणि प्रकृती इतकी दणकट की तिच्यात बिघडण्यासारखे काही नाही. फक्त तिची खिडकी उजवीकडे आहे. बार उडाल्यावर पुढची मूठ मागे ओढली की त्या खिडकीतून रिकामे काडतूस उजवीकडे उडते. उजव्या नेमबाजाच्या दृष्टीने ते जगाच्या दिशेने जाते, पण डाव्या नेमबाजाचा चेहराच दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाच्या, उजव्या अंगाला असल्यामुळे ते त्याच्या नाकासमोरून, ऐन नेमाच्या रेषेला छेदत, धुराची शेपटी मागे सोडत जाते. डोळ्यांवर चष्मा सक्तीचा असतो म्हणून निभावते, परंतु दारूचे बारीक कण गालावर बसायचे ते बसतातच, आणि घरी गेल्यावर ‘तुम्ही नक्की नेमबाजीलाच गेला होता ना, की शेगडी दुरुस्तीला?’ अशी चौकशी होते.

क्लबातील ज्येष्ठांनी यावर एकमताने उपाय सुचवला, तो म्हणजे उजव्या खांद्याने मारायला शिकणे. अ‍ॅनी ओकली दोन्ही हातांनी मारत असे म्हणतात, हा त्यांचा दाखला. लहानपणी डाव्या हातात घेतलेला प्रसाद उजव्या हातात परत घ्यायला लावणारी मंडळी मी मागे सोडून आलो होतो. ती इथे टोप्या घालून बसलेली भेटतील असे वाटले नव्हते. मात्र नेमबाजीत हातापेक्षा डोळा मोठा, आणि त्याची परीक्षा कोणालाही करता येते. दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये छोटी फट ठेवायची, दोन्ही डोळे उघडे ठेवून तिच्यातून दूरचा दिवा पाहायचा आणि मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला दिवा जागेवरच दिसतो, तो घरातला कर्ता डोळा. माझा डावाच निघाला. शॉटगनला नेम धरायची मागची खूण, म्हणजे मागची माशी, नसते, नेमबाजाचा डोळाच ते काम करतो, त्यामुळे डावा डोळा कर्ता असलेल्याने उजव्या खांद्याने मारणे म्हणजे उडत्या तबकडीच्या शेजारच्या आभाळावर गोळीबार करणे होय. ज्येष्ठांनी हे मान्य केले, आणि मग दुसरी बंदूक घे म्हणून सांगितले.

त्यांचे चुकत नव्हते, कारण डाव्यांची कणव असलेल्या बंदुका जगात आहेत. इथाका 37 रिकामे काडतूस पोटाखालून टाकते, मॉसबर्ग 500 ची सेफ्टी, म्हणजे चाप अडवणारी कळ, पाठीवर, अंगठ्याखाली असते, आणि ब्राउनिंगच्या बीपीएसमध्ये तर या दोन्ही सोयी एकत्र आहेत. शिवाय, आरशात पाहून घडवल्यासारख्या अस्सल डाव्या बंदुकाही निघतात. पण घरात एक बंदूक असताना दुसरी कशाला, हा प्रश्न आमच्या घरात ज्या स्वरात विचारला जातो, त्याला उत्तर देण्यापेक्षा पहिलीच सुधारून घेणे मला सोपे वाटले.

सुरुवात दस्त्यापासून झाली. आधीच्या धन्याने हौसेने गाल टेकायला फुगवटा असलेला लाकडी दस्ता बसवून घेतला होता, आणि तो फुगवटा अर्थातच डाव्या अंगाला होता. माझा गाल उजव्या अंगाला, त्यामुळे तो कोरीव फुगवटा बाहेरच्या लोकांना दाखवण्यापुरता उरला होता. त्याच्या जागी दोन्हीकडून सारखा असणारा साधा दस्ता आणला. दस्ता काढायचा तर आधी त्याच्या बुडाचा रबरी पॅड काढावा लागतो, आणि त्या पॅडचे दोन स्क्रू रबराच्या आत असे दडलेले असतात की पॅडवर केवळ दोन बारीक छिद्रे दिसतात. स्क्रूड्रायव्हरला साबण चोळून तो त्या छिद्रांत घालायचा, अंदाजाने स्क्रूचे डोके शोधायचे आणि मग आतल्या लांब बोल्टपर्यंत पोहोचायचे. हे सारे जेवणाच्या टेबलावर, वर्तमानपत्र अंथरून, काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून चालले होते, तरी देवघराचा पडदा ओढून घेण्यात आला.

खरा छळ सेफ्टीचा होता. या बंदुकीत चापाच्या मागे एक आडवे बटण असते. ते उजवीकडून डावीकडे ढकलले की बंदूक तयार होते आणि डावीकडून उजवीकडे ढकलले की बंद होते. माझी तर्जनी डाव्या अंगाला असल्याने मला बंदूक बंद करणे अत्यंत सोपे आणि चालू करणे अत्यंत कठीण होते. (पत्नीच्या मते बंदुकीत याहून चांगली सोय असू शकत नाही.) क्लबात ट्रॅप खेळताना त्या बटणाचे फारसे काम पडत नाही, आपली पाळी येईपर्यंत बंदूक उघडीच असते. नोव्हेंबरात फेझंट या रानपक्ष्याच्या मागे शेतात गेले की मात्र तेच बटण सर्वस्व होते. फेझंटचा नर गवतात पायाशी येईपर्यंत दबून बसतो आणि मग भांड्यांची मांडणी कोसळावी तसा आवाज करत उठतो. त्या क्षणी सोबतच्या उजव्या मंडळींची बोटे हलतात आणि माझी तर्जनी मात्र चापाच्या कमानीखालून वळसा घेत पलीकडचे बटण शोधू लागते. तिची प्रदक्षिणा पूर्ण होते तेव्हा पक्षी पुढच्या शेतकऱ्याच्या हद्दीत गेलेला असतो, आणि तिथे शिरायला त्याची परवानगी लागते.

उलट्या दिशेने चालणारे डावे बटण वेगळे विकत मिळते. ते बसवण्यासाठी गनस्मिथने, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याने, सांगितलेली मजुरी बटणाच्या किमतीच्या कितीतरी पट होती, म्हणून तेही टेबलावरच घेतले. दोन पिना काढल्या की चापाचा सगळा संच खाली हातात येतो. बटणाला जागेवर धरून ठेवणारी एक इवलीशी पोलादी गोळी असते, तिच्यावर स्प्रिंग आणि स्प्रिंगवर आडवी पिन. पिन निघाली, स्प्रिंगने उडी घेतली आणि तिच्यापाठोपाठ निघालेली गोळी फरशीवर एकदाच टणकन वाजून नाहीशी झाली. ‘अहो, पोह्यांत तर नाही ना पडली?’ ही शंका रास्त होती, कारण पोहे शेजारीच निवडायला घेतले होते. अष्टविनायकाचे चित्र असलेले लोहचुंबक फ्रिजवरून काढून मी फरशीभर फिरवले आणि गोळी त्याला फ्रिजच्याच खाली चिकटली. नवे बटण घालून, गोळी आणि स्प्रिंग एका बोटाने दाबून दुसऱ्या हाताने पिन आत सरकवण्यासाठी माणसाला किमान तीन हात लागतात, आणि ते डावे की उजवे याला तिथे काही महत्त्व नसते. सेफ्टीसारख्या गोष्टीत स्वतःच्या कारागिरीवर विसंबू नये म्हणून शेवटी बंदूक तपासायला त्याच गनस्मिथकडे नेली; त्याने सगळे ठीक असल्याचे सांगून जवळजवळ तेवढीच रक्कम घेतली.

या उठाठेवीत एक गोष्ट मात्र लक्षात आली, ती ज्येष्ठांना सांगितली तेव्हा त्यांना फारशी रुचली नाही. पुढची मूठ मोकळी करणारा खटका चापाच्या कमानीपुढे डाव्या अंगाला असतो, म्हणजे नेमका माझ्या तर्जनीच्या शेजारी. तसेच ट्रॅपवर खिडकीतून एकेक काडतूस भरताना माझा डावा हात दस्त्यावरून हलत नाही आणि मोकळा उजवा हात उजव्या खिडकीत सरळ काडतूस टाकतो. उजव्यांना या दोन्ही कामांसाठी थोडी कसरत करावी लागते. घडवणाऱ्याच्या हातून डाव्यांसाठी राहून गेलेल्या या सवलती मी पुरेपूर वापरतो आणि खिडकीच्या धुराबद्दल आता तक्रार करत नाही.

अडचण आता इतरांची आहे. बटणाची लाल कडा दिसली की बंदूक चालू, हे इथे सगळ्यांना ठाऊक असते, पण ती डाव्या बाजूला शोधण्याची सवय असल्यामुळे माझ्या बंदुकीपाशी अनुभवी माणूसही थबकतो. एका ज्येष्ठाने हौसेने मागून घेतली, तबकडी सोडायला सांगितली आणि चाप ओढला. तबकडी सावकाश जाऊन मैदानात पडली आणि त्यांची तर्जनी अजून कमानीखाली फिरत होती. त्यानंतर क्लबाने फर्मान काढले की या बंदुकीवर ठळक सूचना हवी. मी दस्त्यावर लाल चिकटपट्टी लावून ‘डावखुरी’ असे देवनागरीत सुबक अक्षरांत लिहिले. ते वाचू शकणारा तिथे मी एकटाच, आणि मला ते आधीच ठाऊक, त्यामुळे खाली इंग्रजीतही लिहावे लागले.